चिलर नसलेल्या इमारतीत ढग: प्राइनव्हिल डेटा सेंटर, उन्हाळा २०११

फेसबुकने स्वतःसाठी बांधलेलं पहिलं डेटा सेंटर एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, प्राइनव्हिल गावाबाहेर सुरू झालं. त्याच उन्हाळ्यात त्या इमारतीच्या आत ढग तयार झाला. सर्व्हरकडे जाणाऱ्या थंड हवेचं तापमान ८० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे २६.७ अंश सेल्सिअसच्या वर गेलं आणि सापेक्ष आर्द्रता ९५ टक्क्यांच्या पुढे गेली. बरेच सर्व्हर आपोआप रीबूट झाले. काहींचे पॉवर सप्लाय निकामी झाले आणि ते सर्व्हर बंदच पडले. कंपनीने ही घटना दडवली नाही. डेटा सेंटरच्या रचना सगळ्यांसाठी खुल्या करणाऱ्या ओपन कंप्यूट प्रकल्पाच्या माध्यमातून तिने त्यातले धडे प्रसिद्ध केले आणि तेव्हा पायाभूत सुविधांचा विभाग सांभाळणारे जय पारिख यांनी २०१३ मध्ये पत्रकारांनाही हकिगत सांगितली.

'क्लाउड'वाल्यांच्या इमारतीत खरोखरचा ढग आला, म्हणून ही गोष्ट बहुतेक वेळा गंमत म्हणून सांगितली जाते. त्यातून निघणारा अर्थ मात्र चुकीचा असतो: बाहेरच्या हवेवर आणि पाण्याच्या फवाऱ्यावर सर्व्हर थंड करणं धोक्याचं, त्यापेक्षा चिलर, म्हणजे कॉम्प्रेसरवर पाणी गार करणारं यंत्र, बरा. आकडे मांडून पाहिले तर दोष दमट हवेचा नव्हता आणि वीज वाचवण्याचाही नव्हता, हे स्पष्ट दिसतं. चिलर काढला की त्याचं काम डॅम्पर (हवेची वाट उघडबंद करणाऱ्या झडपा), सेन्सर आणि कंट्रोलच्या तर्कावर येऊन पडतं. त्या तर्कात एक वाट उघडी राहिली होती.

हवेचा रस्ता

प्राइनव्हिलच्या रचनेत चिलर नाही, कूलिंग टॉवर नाही, डक्टही नाहीत. वरचा अख्खा मजला म्हणजेच एअर हँडलर, हवा तयार करून पुढे ढकलणारं यंत्र. बाहेरची हवा भिंतीतल्या झडपांतून मिक्सिंगच्या खोलीत येते, तिथे गरज असेल तेवढी आतली परतीची गरम हवा तिच्यात मिसळते. मग फिल्टरची भिंत, मग फवाऱ्याची खोली. इथे उच्च दाबाचे पंप बारीक नोझलमधून पाण्याचं धुकं सोडतात. पुढे थेंब अडवणाऱ्या जाळ्या, त्यानंतर पंख्यांची भिंत, आणि तिथून हवा जमिनीतल्या मोकळ्या भोकांतून थेट खालच्या मजल्यावरच्या कोल्ड आइलमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या समोरच्या थंड बोळात, उतरते. सर्व्हरमधून निघालेली हवा त्यांच्या मागच्या बंदिस्त हॉट आइलमधून, म्हणजे गरम बोळातून, वर जाते. तिथे तिला दोन वाटा असतात: पंख्याने बाहेर, किंवा रिटर्न डॅम्परमधून पुन्हा मिक्सिंगच्या खोलीत.

विजेच्या बाजूनेही बरीच काटछाट केली होती. मध्यवर्ती यूपीएसला फाटा दिला, सर्व्हरला थेट २७७ व्होल्ट दिले आणि बॅकअपसाठी रॅकच्या शेजारी ४८ व्होल्टची बॅटरी कपाटं ठेवली. या सगळ्याचा मिळून पीयूई (एकूण वीज भागिले सर्व्हरची वीज) १.०७ आला, म्हणजे सर्व्हरला १०० युनिट लागले तर बाकी सगळ्या इमारतीला ७.

हे जमतं कशामुळे, तर पाण्याच्या बाष्पीभवनामुळे. एक लिटर पाणी हवेत विरलं की साधारण २,४३० किलोज्यूल, म्हणजे ०.६७ किलोवॅट-तास एवढी उष्णता ते हवेतून काढून घेतं. पंपाला त्यासाठी लागणारी वीज त्यापुढे किरकोळ असते. एक किलोवॅट-तास उष्णता पूर्णपणे फवाऱ्यानेच काढायची म्हटलं तर दीड लिटर पाणी लागेल. प्रत्यक्षात वर्षाचे बरेच महिने नुसती बाहेरची हवाच पुरते, त्यामुळे प्राइनव्हिलने २०१२ मध्ये जाहीर केलेला पाण्याचा वापर दर किलोवॅट-तासाला सुमारे ०.२२ लिटर होता. ओरेगनचा हा भाग उंचावरचा आणि कोरडा आहे. दुपारी ऊन कडक, पण हवेत ओलावा कमी.

विदर्भातल्या घरात हेच यंत्र वाळ्याच्या ताट्या किंवा हनीकोम पॅड लावून खिडकीत बसवलेलं असतं. समोरचं दार उघडं असेल तरच कूलर गार हवा देतो. दार-खिडक्या लावून घेतल्या तर थोड्याच वेळात खोली चिकट होते आणि कूलर नुसता ओलावा फिरवत बसतो. प्राइनव्हिलमध्ये झालं ते नेमकं हेच.

दार कसं बंद झालं

इमारतीच्या कंट्रोल प्रणालीतल्या चुकीमुळे इकॉनॉमायझर (बाहेरची आणि परतीची हवा किती घ्यायची ते ठरवणारी झडपांची यंत्रणा) बाहेरच्या हवेवरून पूर्णपणे परतीच्या हवेवर गेला. सर्व्हरमधून आलेली गरम आणि कोरडी हवा पुन्हा फवाऱ्यासमोर आली. तापमान जास्त, आर्द्रता कमी. फवाऱ्याच्या तर्काच्या दृष्टीने याहून चांगला प्रसंग नाही, म्हणून त्याने पाणी सोडलं. हवा थंड आणि ओली होऊन खाली गेली, सर्व्हरमध्ये तापली, तापल्यामुळे तिची सापेक्ष आर्द्रता पुन्हा कमी दिसू लागली आणि ती पुन्हा फवाऱ्यासमोर आली.

हा फेरा किती लवकर हाताबाहेर जातो ते हिशेबाने पाहू. खालचे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, भौतिकशास्त्र मात्र तेच. बाहेर ३० अंश आणि २० टक्के आर्द्रता, उंचीमुळे हवेचा दाब सुमारे ९० किलोपास्कल, सर्व्हरमधून जाताना हवा १४ अंशांनी तापते, आणि कोल्ड आइलला २७ अंश हवे आहेत. बाहेरच्या दर किलो हवेत ५.९ ग्रॅम पाणी असतं. ती २७ अंशांवर आणल्यावर ७.१ ग्रॅम होतं, आर्द्रता २९ टक्के, दवबिंदू (हवेतून दव पडू लागतं ते तापमान) ७ अंशांच्या आसपास. इथपर्यंत सगळं उत्तम.

आता बाहेरची झडप बंद. परत आलेली हवा ४१ अंशांची. तिला पुन्हा २७ वर आणायला दर किलोला साधारण ६ ग्रॅम पाणी विरावं लागतं. पहिल्या फेऱ्यानंतर १३ ग्रॅम, आर्द्रता ५२ टक्के, दवबिंदू १६. दुसऱ्यानंतर १९ ग्रॅम, ७५ टक्के, दवबिंदू २२. तिसऱ्यानंतर २५ ग्रॅम, ९८ टक्के, दवबिंदू साडेसव्वीस. चौथ्या फेऱ्याला २७ अंशांच्या हवेत जागाच उरलेली नसते. सगळं पाणी विरत नाही, तापमान चढू लागतं, कंट्रोलला 'गरम होतंय' एवढंच दिसतं, आणि तो आणखी नोझल उघडतो. आता बाहेर पडणारं पाणी थेंबांच्याच रूपात राहतं. तोच तो ढग.

वेळ किती? या तापमान-फरकाला एक किलोवॅट भारासाठी ताशी साधारण २४५ घनमीटर हवा फिरवावी लागते. इमारतीत दर किलोवॅटमागे ८ घनमीटर हवा आहे असं धरलं, तर एक फेरा दोन मिनिटांत होतो. म्हणजे कोरड्या हवेपासून धुक्यापर्यंत सहा मिनिटं. अलार्म पाहून माणसाने वरच्या मजल्यावर पोहोचेपर्यंत खेळ आटोपलेला असतो.

या सहा मिनिटांत एक ज्यूलही उष्णता इमारतीबाहेर गेलेली नाही. फवारा उष्णता इमारतीबाहेर काढत नाही, फक्त हवेतल्या उष्णतेचं ओलाव्यात रूपांतर करतो. ती बाहेर टाकायचं काम हवेच्या अदलाबदलीचं असतं. चिलर असलेल्या इमारतीत शंभर टक्के रिटर्न हवा ही रोजचीच अवस्था. चिलर नसलेल्या इमारतीत, पूर्ण भार चालू असताना, ती अवस्था अस्तित्वातच असता कामा नये.

मग 'रिटर्न डॅम्पर उघडा असेल तर फवारा बंद' असं साधं इंटरलॉक, म्हणजे एकाला दुसऱ्याने अडवणारी कडी, टाकलं की झालं, असं वाटेल. तसं करता येत नाही, आणि या प्रकरणातली खरी अडचण इथेच आहे. हिवाळ्यात बाहेरची हवा इतकी थंड आणि कोरडी असते की तिच्यात परतीची गरम हवा मिसळावी लागते आणि स्थिर विजेचा त्रास टाळायला थोडा फवाराही मारावा लागतो. परतीच्या हवेवर पाणी मारणं ही तिथे हिवाळ्यातली रीतसर स्थिती आहे. चुकीच्या ऋतूत त्या स्थितीत शिरायला प्रणालीला मनाई नव्हती.

पाणी नेमकं कुठे बसलं

चालू सर्व्हरच्या आत हवा लगेच तापते, त्यामुळे प्रोसेसर किंवा मेमरीवर दव पडत नाही. त्यांचा पृष्ठभाग दवबिंदूच्या कितीतरी वर असतो. दव पडतं ते पत्र्यावर. सर्व्हरची समोरची कड, रॅकचे खांब, पॉवर सप्लायचं धातूचं कवच, जोडलेली पण वीज न ओढणारी केबल. काही मिनिटांपूर्वी या सगळ्यांवरून २७ अंशांची हवा जात होती आणि धातू त्याच तापमानाला बसला होता. चौथ्या फेऱ्यात हवेचा दवबिंदू २७ च्याही वर गेला, पत्रा मात्र काही मिनिटं मागे राहिला. तेवढं अंतर दव धरायला पुरतं. कमी भाराने चालणाऱ्या पॉवर सप्लायची स्थिती सर्वांत नाजूक: आत २७७ व्होल्ट, स्वतःची उष्णता थोडी, आणि फिल्टरमधून सुटलेली बारीक धूळ ओली झाली की तिच्यातून वीज वाहू लागते.

यावर जाळ्यांतून निसटलेले थेंब वेगळेच. धुक्याचा थेंब अगदी बारीक असतो आणि कोरड्या हवेत क्षणात विरतो. जाळीचं गणित तो विरणार हे धरूनच केलेलं असतं. हवा संपृक्त असेल तर तो विरत नाही, पंख्यांच्या भिंतीपर्यंत जातो, आणि पंखे त्याला थेट खाली पोचवतात.

दमटपणा दोषी नव्हता याचा पुरावा

पुढचं डेटा सेंटर नॉर्थ कॅरोलायनातल्या फॉरेस्ट सिटीला झालं. तिथली हवा दमट. प्राइनव्हिलच्या पहिल्या टप्प्याची मर्यादा सुमारे ८० अंश फॅरनहाइट आणि ६५ टक्के आर्द्रता होती. फॉरेस्ट सिटीत ती ८५ अंश आणि ९० टक्के केली. दवबिंदूत बोलायचं तर पहिली मर्यादा १९.६ अंश सेल्सिअस, दुसरी २७.६. प्राइनव्हिलच्या घटनेत नोंदलेली ८० अंश आणि ९५ टक्के ही स्थिती म्हणजे दवबिंदू २५.८. ज्या ओलाव्यात प्राइनव्हिलचे सर्व्हर पडले, त्याहून जास्त ओलाव्याला फॉरेस्ट सिटीत रोजची परवानगी दिली गेली! तिथे खबरदारी म्हणून कॉम्प्रेसरवरची डीएक्स कॉइल, म्हणजे एसीसारखी थंड नळ्यांची जाळी, बसवली होती. २०१२ च्या कडक उन्हाळ्यात ती चालवावी लागली नाही, आणि त्या उन्हाळ्याचा पीयूई १.०७ होता. प्राइनव्हिलचा त्याच काळात १.०९.

दमट हवा हळूहळू आली तर पत्राही तिच्याबरोबर गरम होतो आणि दव पडत नाही. गंज आणि धुळीचा प्रश्न राहतो, पण तो महिन्या-वर्षांचा असतो. मारतो तो वेग. म्हणून फक्त 'आर्द्रता किती' यावर मर्यादा घालून भागत नाही, 'दवबिंदू किती वेगाने चढतो' यावरही घालावी लागते.

कंट्रोलमध्ये काय हवं

फेसबुकने कंट्रोलची चूक दुरुस्त केली आणि पॉवर सप्लायना ओलाव्यापासून बचाव करणारं आवरण दिलं. अशीच इमारत किंवा छोटी खोली चालवणाऱ्यांनी पुढचे बदल आधीच करून ठेवावेत.

फवाऱ्याची परवानगी सापेक्ष आर्द्रतेवर नको, दवबिंदूवर हवी. सापेक्ष आर्द्रता तापमानाबरोबर खेळते. वरच्या उदाहरणात दुसऱ्या फेऱ्यानंतर हॉट आइलमधली हवा ४१ अंशांना जेमतेम ३५ टक्के दाखवते, आणि तर्काला ती 'कोरडी' वाटते. दवबिंदू मात्र कोल्ड आइलमध्ये मोजा की हॉट आइलमध्ये, बावीसच येतो. ॲश्रे ही वातानुकूलन अभियंत्यांची अमेरिकी संस्था सर्व्हरचे, त्यांना किती तापमान आणि ओलावा चालतो त्यावरून, वर्ग पाडते. तिच्या ए२ वर्गातल्या सर्व्हरसाठी दवबिंदूची कमाल मर्यादा २१ अंश आहे, ए१ साठी १७, ए३ आणि ए४ साठी २४. ए२ धरून १९ ला अलार्म आणि २१ ला पंप बंद ठेवावा. त्याबरोबर वेगाची अट: पाच मिनिटांत दवबिंदू ३ अंशांनी चढला तर पंप बंद, कारण काहीही असो. ही अट वरच्या उदाहरणात पहिल्याच फेऱ्यात लागू झाली असती.

पंप बंद करणारी शेवटची कडी बीएमएसच्या, म्हणजे इमारतीच्या मुख्य कंट्रोल प्रणालीच्या, बाहेर असावी. दवबिंदूचा वेगळा स्विच थेट पंपाच्या कॉन्टॅक्टरच्या (पंपाची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) कॉइलमध्ये जोडावा. ज्या प्रोग्रामने चूक केली, त्यालाच ती पकडायला सांगण्यात अर्थ नाही.

डॅम्परला दिलेला हुकूम म्हणजे डॅम्परची स्थिती नव्हे. जोडदांडा घसरतो, ॲक्च्युएटरचा (झडप फिरवणाऱ्या मोटरचा) गिअर जातो, पात्यात पक्ष्याचं घरटं अडकतं. दोन्ही टोकांना एंड स्विच (झडप खरोखर टोकाला पोचल्याचं सांगणारे) हवेत, आणि तापमानाचा ताळाही जुळवावा. बाहेर ३० अंश, रिटर्न ४१ आणि मिश्र हवा ४० असेल, तर बाहेरच्या हवेचा वाटा अकरात एक, म्हणजे ९ टक्के. हुकूम १०० टक्क्यांचा असताना हे दिसलं तर फवारा थांबलाच पाहिजे. बाहेरचं आणि रिटर्नचं तापमान जवळजवळ सारखं असेल तेव्हा हा ताळा निकामी ठरतो. तेव्हा तोच हिशेब दर किलो हवेतल्या पाण्याच्या ग्रॅमवर करावा.

सेन्सर कुठे लावला यावर बरंच अवलंबून असतं. जाळीच्या लगेच पुढे लावलेल्या तापमान-सेन्सरवर थेंब बसले की तो कोरड्या हवेचं तापमान सांगण्याऐवजी वेट बल्बकडे (बाष्पीभवनाने हवा जास्तीत जास्त जेवढी गार होऊ शकते त्या तापमानाकडे) झुकतो आणि काही अंश कमी दाखवतो. आर्द्रतेचा सेन्सर एकदा भिजला की हवा कोरडी झाल्यावरही बराच वेळ ९५-१०० वर अडकून राहतो. दोन्ही सेन्सर पंख्यांच्या भिंतीच्या पुढे, मिसळलेल्या हवेत, आणि किमान तीन ठिकाणी लावावेत. कंट्रोलने मधला आकडा घ्यावा, सरासरी नको; एक सेन्सर बिघडला तर सरासरी त्याच्याबरोबर वाहत जाते.

आता क्रम, कारण तो चुकला तर उपाय रोगापेक्षा महाग पडतो. परतीचीच हवा फिरत असताना नुसता फवारा बंद केला, तर हवा प्रत्येक फेऱ्याला १४ अंशांनी तापते: २७, ४१, ५५. भिंती आणि लोखंड थोडा वेळ सावरून धरतील, पण फार नाही. म्हणून आधी बाहेरची झडप उघडायची, लगोलग फवारा बंद. बाहेरच्या झडपेचा ॲक्च्युएटर स्प्रिंगचा आणि वीज गेल्यावर उघडणारा घ्यावा. अपवाद धुराचा. ओरेगनमध्ये वणव्यांच्या मोसमात बाहेरची हवा घेणं अशक्य होऊ शकतं, आणि तेव्हा सर्व्हरचा भार कमी करणं एवढाच मार्ग उरतो. तो हुकूम सॉफ्टवेअरकडे आपोआप जायला हवा.

ओला झालेला पॉवर सप्लाय लगेच परत चालू करू नये. रॅकची वीज तोडून कोरडी बाहेरची हवा किमान दोन तास फिरवावी, कवचाचा पत्रा आतून पाहावा, हिरवट किंवा पांढरा डाग दिसला तर तो सप्लाय बदलावा.

या सगळ्याची चाचणी लोड बँक (सर्व्हरऐवजी तेवढीच उष्णता देणारे हीटर) लावून करावी, सर्व्हर भरण्याआधी. बाहेरची झडप मुद्दाम अडकवा. आर्द्रतेच्या सेन्सरची तार काढा. बाहेरच्या तापमानाच्या इनपुटला खोटा ५ अंशांचा सिग्नल द्या, म्हणजे भर उन्हाळ्यात प्रणाली हिवाळ्याच्या स्थितीत जायला बघेल. प्राइनव्हिलसारखी घटना पकडणारी चाचणी हीच. पहिल्या दोन सगळेच करतात, तिसरी राहून जाते.

नागपूर, नवी मुंबई आणि टॉवरची खोली

मे महिन्यात नागपुरात ४३ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर वेट बल्ब २४ च्या आसपास असतो. ८५ टक्के कार्यक्षमतेच्या पॅडमधून निघणारी हवा २७ अंशांची, आर्द्रता ७८ टक्के, दवबिंदू २३. तापमान अगदी हवं तेवढं, ओलावा ए२ च्या बाहेर पण ए३ च्या आत. म्हणजे यंत्रसामग्री निवडतानाच वर्ग ठरवला तर उन्हाळ्याचा मोठा भाग कॉम्प्रेसरविना निघू शकतो. पावसाळ्याचे महिने वेगळे मोजावे लागतील.

नवी मुंबईत, जिथे महापे-ऐरोली पट्ट्यात राज्यातली बरीच डेटा सेंटर आहेत, जूनमधल्या ३२ अंश आणि ८० टक्क्यांना बाहेरच्याच हवेचा दवबिंदू २८ आणि वेट बल्ब २९. तिथे फवारा काही देत नाही आणि बाहेरची हवा थेट आत घेणंही परवडत नाही. खाडीची खारी हवा हा आणखी एक मुद्दा. तिथली बचत बंद हवेच्या फेऱ्यात, हॉट आइल नीट बंदिस्त करण्यात आणि चिलरचं पाणी ७ अंशांऐवजी १८-२० अंशांवर चालवण्यात आहे.

मोबाइल टॉवरच्या खोलीत फवारा नसतो, पण झडपेचा दोष तोच असतो. फ्री-कूलिंगचा पंखा बाहेरची हवा आत घेतोय आणि एसीही चालू आहे, असं अनेकदा आढळतं, कारण झडप अर्धवट अडकलेली असते आणि दोन थर्मोस्टॅट वेगवेगळ्या भिंतीवर असतात. पंखा २८ पर्यंत आणि एसी ३२ ला सुरू, असा किमान ३-४ अंशांचा फरक ठेवावा. एसी लागला की झडप मिटली हे एंड स्विचने सिद्ध व्हावं, आणि बाहेरचा दवबिंदू १८ च्या वर गेला की पंख्याने सुरूच होऊ नये. कोकणात ही शेवटची अट पावसाळ्यात पंख्याला जवळजवळ कायम बंद ठेवेल. तसंच व्हायला हवं.